"एकट्याचे एवढे पैसे?" सोलो कार्यक्रमाचे पैसे तुम्ही कसे ठरवता आणि कसे सांगता?

गिरणाकाठची_गिटार (भडगाव)

राम राम मंडळी. मी भडगावचा, दिवसा बियाणं-खतांच्या दुकानावर काम करतो आणि तीन वर्षांपासून गिटार घेऊन एकटाच कार्यक्रम करतो. आवाज माझा, गिटार माझी, काही गाण्यांना मोबाईलवर मायनस ट्रॅक (गाणाऱ्याचा आवाज काढलेलं नुसतं संगीत), बस. हळद, साखरपुडा, वाढदिवस, थंडीत शेतातल्या भरीत पार्ट्या, कधी जळगावचा एखादा कॅफे. गाणं बरं जमतं असं लोक सांगतात पण पैसे सांगणं अजिबात जमत नाहीये.

मागच्या महिन्यातलंच सांगतो. धरणगावकडे हळद होती, फोनवर यजमानांनी विचारलं किती घेणार, मी घाबरत घाबरत ५ हजार बोललो तर लगेच म्हणे "एकटा माणूसना इतला पैसा कसाना भाऊ?" मग घासाघीस, शेवटी साडेतीन हजारात दोन तास ठरले. दुपारी अर्धा खाडा करून ४ ला निघालो, स्पीकर-मिक्सर भाड्याने आणलं त्याचे १५००, मित्राच्या गाडीत पेट्रोल ७०० चं, ६ ला पोहोचून साउंड लावला, तर नवरदेवाचे मामा येऊन राहिलेत म्हणून ८ पर्यंत नुसतं बसवून ठेवलं. मग सुरू झालं आणि १० ला माईक बंद करावा लागला. तरी पोरं नाचत होती म्हणून बिना माईक अकरापर्यंत गायलो. घरी यायला १ वाजला. मित्राला ५०० दिले, हातात राहिले ८००, त्यातून खाड्याचे ३०० गेले. म्हणजे ९ तासांचे ५०० रुपये. दुकानात गोण्या उचलून यापेक्षा जास्त मिळतात आणि हे लिहिताना खरंच वाईट वाटतंय.

तर प्रश्न असे की तासावर सांगायचं का कार्यक्रमावर, लांबच्या गावाचं वेगळं घ्यायचं का, नातेवाईक आणि ओळखीचे आले तर काय, ॲडव्हान्स मागितला तर माणूस बिथरतो का. आणि एक कॅफेवाले म्हणतात पैसे नाही पण जेवण देऊ आणि तुमचं नाव होईल, जायचं का? जे खरंच कार्यक्रम करतात त्यांनी सांगा.

---

भुसावळ_कीबोर्ड

भाऊ, पहिले तर तासावर सांगणं आजपासून बंद कर. मी २० वर्षं ऑर्केस्ट्रात वाजवलं, आता सात-आठ वर्षांपासून कीबोर्ड घेऊन एकटाच गातो-वाजवतो, सुरुवातीला मीही तासावर सांगायचो. तास सांगितला की समोरचा तासच कापतो, "मग एकच तास गा ना." एक तास गायला गेलं तरी गाडी तेवढीच पळणार आणि साउंड तेवढाच लागणार. तुझी ती संध्याकाळ गेली, त्या तारखेला दुसरी सुपारी घेता येत नाही. म्हणून पैसे त्या संध्याकाळचे सांगायचे, त्यात दोन तास गाणं.

आता आकडा कसा काढायचा, तुझ्याच खर्चावरून काढून देतो. दुकानाचा पगार सोडून वर्षाला गाण्यातून किती सुटायला पाहिजे ते आधी ठरव, समज १ लाख. आता तारखा किती मिळतात? आपल्याकडे तुळशीचं लग्न झालं की सुरू होतं, पौषात थंड, मग उन्हाळ्यात मेपर्यंत धामधूम, आणि आषाढी एकादशीला चातुर्मास लागला की लग्नं बंद. मध्ये गणपती, नवरात्र, कोजागिरी आहे पण तिथे मंडळांचा हात आखडता असतो. तुझ्या २५ तारखा धरू. १ लाख भागिले २५ म्हणजे एका कार्यक्रमामागे ४ हजार हातात पडले पाहिजेत. त्यात साउंडचे १५००, पेट्रोल ७००, मित्राचे ५००, खाडा ३००. आणि एक खर्च तू धरलाच नाहीस, गिटार, पिकअप, माईक, केबल, तारा यांची झीज. ३० हजारांचं सामान ५ वर्षं चाललं आणि वर्षाला २५ कार्यक्रम, तर एकामागे साधारण २५०. सगळं मिळून ७२५०. हा तुझा तळ. याच्या खाली गेलास तर तू यजमानाच्या लग्नाला वर्गणी देतोयस.

सांगायचे मात्र ९ हजार, कारण खान्देशात घासाघीस केल्याशिवाय यजमानाला चैन पडत नाही आणि त्यात वाईट असं काही नाही, तो मेथीच्या जुडीलाही करतो. ८ वर आला तरी तू तळाच्या वर राहतोस. पण तळ ठरलेला असला की फोनवर आवाज थरथरत नाही, हे स्वतः अनुभवलंय. आधी मी समोरच्याच्या बोलण्यावरून आकडा ठरवायचो, आता आकडा आधीच वहीत लिहिलेला असतो.

मामांची वाट पाहत दोन तास गेले ना, ते पण बोलण्यात यायला पाहिजे. मी सांगून ठेवतो की ७ ते ९ तुमचे, उशीर तुमच्याकडून झाला तर ९ नंतर दर अर्ध्या तासाला हजार. एकदा सांगितलं की मामा वेळेवर येतात.

उन्हाळ्याचं एक सांगून ठेवतो, गिटार मे महिन्यात बंद गाडीत ठेवू नको. आपल्याकडे पारा ४५ ला टेकतो, गाडीत तर त्याहून जास्त, डिंक सुटून ब्रिज (तारा अडकवायची पट्टी) उचलला जातो. माझ्या मित्राची चांगली गिटार अशीच गेली. दुपारच्या लग्नात गायचं असेल तर सावली आणि कूलर मागून घे, आधीच माग, तिथे गेल्यावर कोणी देत नाही.

---

सुगम_धुळे

दादा, मी भावगीतं आणि भक्तिगीतं गाते, सोबत माझीच हार्मोनियम आणि मोबाईलवर तानपुरा. माझे जास्त कार्यक्रम बायकांचे असतात, डोहाळजेवण, बारसं, मंगळागौर, हळदीकुंकू. वरच्या दादांनी हिशोब छान मांडलाय पण तासाच्या बाबतीत माझं थोडं वेगळं आहे, मी प्रसंगावर सांगते. डोहाळजेवणाला पाळणा, ओटीची गाणी, झोपाळ्यावरची गाणी असं सगळं त्या घराप्रमाणे बसवावं लागतं, होणाऱ्या आईचं नाव गुंफून एखादं कडवं करावं लागतं, त्याला घरी बसून दोन दिवस जातात आणि कार्यक्रम मात्र दीड तासाचा असतो. ते दोन दिवस कोणाला दिसत नाहीत म्हणून ते मलाच धरायला लागतात.

मी फोनवर आकडा कधीच बोलत नाही. फोनवर सगळं विचारून घेते, गाव कोणतं, किती वाजता, किती माणसं, हॉल का घर, साउंड आहे का, कोणती गाणी पाहिजेत. मग म्हणते थोड्या वेळात व्हॉट्सॲपवर पाठवते. फोनवर समोरचा "बापरे" म्हणाला की आपण लगेच विरघळतो, लिहून पाठवलं की तो घरच्यांना दाखवतो, विचार करतो. माझा मेसेज असा असतो:

"नमस्कार ताई. डोहाळजेवण, दुपारी ४ ते ५:३०, गाणी साधारण १४, हार्मोनियम आणि छोटा स्पीकर माझा. मानधन ७,०००. धुळे शहराबाहेर असल्यास जाण्यायेण्याचा खर्च वेगळा. निम्मे पैसे तारीख पक्की करताना, उरलेले कार्यक्रम सुरू होण्याआधी. वेळ वाढल्यास दर अर्ध्या तासाला १,०००."

कोणी म्हणालं ताई आमचं बजेट ५ चं आहे तर मी सातचे पाच करत नाही, मी म्हणते चालेल, मग ८ गाणी, पाऊण तास, नावाचं कडवं नाही. पैसे कमी झाले की कामातूनही काहीतरी कमी झालंच पाहिजे, नाहीतर समोरच्याला वाटतं आधीचे दोन हजार उगाच लावले होते. आणि खरं सांगते, निम्म्या वेळा त्या परत मेसेज करतात की नाही नाही, सातवालंच करा.

ॲडव्हान्सने माणूस बिथरत नाही. जो बिथरतो तो तारखेच्या आदल्या दिवशी रद्द करणाराच असतो, माझ्यासोबत तीनदा झालंय, तिन्ही वेळा मी ॲडव्हान्स घेतला नव्हता.

बायकांसाठी अजून एक सांगते, कारण इथे वाचणाऱ्या मुली असतील. संध्याकाळी बाहेरगावी एकटं जायचं नाही असं माझं ठरलेलं आहे, भाऊ गाडी घेऊन येतो. त्याचा दिवसाचा खर्च मी मानधनात धरते आणि तो वेगळा दाखवत नाही. पूर्वी दाखवायचे तर लोक म्हणायचे भावाचे कशाला पैसे. साक्री, नवापूरकडून रात्री ११ ला कोण आणणार मला?

---

मंडपवाला_शिरपूर

मी पलीकडच्या बाजूचा, मंडप, डेकोरेशन आणि कार्यक्रम ठरवून देणं हे माझं काम. कलाकार लोक कुठे चुकतात ते सांगतो, राग मानू नका.

यजमानाला गाण्यातलं कळो ना कळो, ठरल्या वेळेला सुरू होईल ना आणि पाहुण्यांसमोर फजिती होणार नाही ना एवढं त्याला बरोबर कळतं. मी ज्या कलाकाराला परत परत बोलावतो तो सगळ्यात गोड गळ्याचा नाहीये, पण अर्धा तास आधी येतो, एक जास्तीचा माईक आणि केबल घेऊन येतो आणि लाईट गेली तर बावचळत नाही. त्याला मी २ हजार जास्त देतो आणि आनंदाने देतो.

लाईटवरून आठवलं, भरीत पार्ट्या करतोस ना तू. शेतातल्या फीडरला (शेतीच्या वेगळ्या वीजलाईनला) लाईट कधी दिवसपाळी कधी रातपाळी, तिथे गेल्यावर कळतं की आज लाईट रात्री १२ ला येणार. बुकिंग घेतानाच विचार जनरेटर कोणाचा. तुझा असेल तर त्याचं भाडं आणि डिझेल बिलात, यजमानाचा असेल तर तसं मेसेजमध्ये लिहून घे. आणि चार्जिंगवाला छोटा स्पीकर एक जवळ ठेव, ५०-६० माणसांच्या पार्टीला तो पुरतो, भाड्याचा साउंड न्यायचीच गरज नाही. तुझे १५०० तिथेच वाचले.

डीजेशी तुलना केली की गप्प बसू नका, पण डीजेची निंदाही करू नका, ते पण आपलेच लोक आहेत. मी यजमानाला सांगतो की नाचायचं असेल तर डीजे घ्या, पण आजी-आजोबांनी बसून ऐकावं, गप्पा पण व्हाव्यात, नवरीच्या बापाच्या आवडीचं गाणं कोणीतरी त्याच्याकडे बघून म्हणावं असं वाटत असेल तर हा एकटा माणूस लागेल. दोन्ही वेगळी कामं आहेत. आणि उघड्यावर रात्री १० नंतर लाऊडस्पीकर बंद हा नियम २००० सालापासून देशभर आहे, सरकार वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस १२ पर्यंत सूट देऊ शकतं, ते पण सणासुदीला. घरच्या हळदीला ती सूट धरून बसू नका. म्हणून १० च्या नंतरचे पैसे कधी ठरवूच नका, ७ ला सुरू करा.

कमिशनचं पण सांगून टाकतो कारण त्यावरून खूप गैरसमज होतात. मी कार्यक्रम दिला तर मी माझा वाटा घेतो, १० टक्के, आधी सांगून. कलाकाराने मला ९ सांगितले आणि यजमानाला परस्पर ७ सांगितले तर माझा पण विश्वास जातो आणि त्याचा पण. दर सगळीकडे एकच ठेवा, माझं कमिशन त्याच्यातून द्या नाहीतर मला सांगा मी वर लावतो.

---

तापीकाठचा_टाळकरी (यावल तालुका)

बेटा, मी पन्नास वर्षांपासून भजन म्हणतो, पेटी वाजवतो. आमच्या वेळेला बिदागी म्हणायचे, नारळ, टोपी आणि पाकिटात असेल ते. आम्ही पाकीट तिथे उघडून पण पाहायचो नाही. तुमचा हिशोब वाचला, बरोबर आहे, तुम्हाला गाडी लागते, मशिनी लागतात, आम्हाला बैलगाडीतून नेऊन आणायचे.

पण एक सांगतो ते ऐका. माझ्या मनात दोन खाती आहेत, एक देवाचं आणि एक पोटाचं. मुक्ताबाईच्या वारीत, गावच्या सप्ताहात, आपल्या खान्देशातल्या कानबाई देवीच्या उत्सवाला मी पैसे घेत नाही. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते, रातभर आमच्याकडे गाणी चालतात, बाया अहिराणीत ओव्या म्हणतात, मी नुसती पेटी धरतो. कानबाईना पैसा लेवाना नही, हे माझ्या आईचं सांगणं. पण लग्नात, वाढदिवसात, पुढाऱ्याच्या सत्काराला गायलो तर पैसे सांगूनच घेतो, आणि तिथे मला लाज वाटत नाही कारण दुसऱ्या खात्यात मी मोकळ्या हाताने देऊन आलेलो असतो.

आजची पोरं काय करतात, दोन्ही खाती एक करून टाकतात. ओळखीच्याकडे अर्धे पैसे घेतात आणि मनातून कुरकुरत गातात, ती कुरकुर आवाजात येते बरं, ऐकणाऱ्याला कळते. सख्ख्या बहिणीच्या पोराचं लग्न असेल तर एक रुपया घेऊ नको, आहेर म्हणून गा, तसं सांगून गा. पण शेजारच्या गावचा लांबचा साडू आला तर पूर्ण सांग. अर्धवट नातं आणि अर्धवट पैसे यात दोन्ही बिघडतात.

---

तबला_आणि_खतावणी (जळगाव)

आबांना नमस्कार. आहेर म्हणून गाण्यात मी एकच जोडतो, फुकट गायलो तरी पूर्ण रक्कम बोलून दाखवा, "माझे ९ हजार आहेत पण भाचीच्या लग्नाला माझ्याकडून आहेर." नाहीतर त्याच मांडवातून चार जण फोन करतात की त्यांच्याकडे फुकट गायलात, आमच्याकडे २ हजारात या.

कॅफेचं: जेवणावर जाऊ नको, पण एकदम नाही पण म्हणू नको. जळगावात आमच्या ओळखीतले दोघं असं करतात की आठवड्याचा मधला वार घेतात, दीड तास, दीड-दोन हजार, साउंड कॅफेचा, पार्किंगचा त्रास नाही, नवीन गाणी तिथे घासून घेतात. कॅफेचा दर आणि लग्नाचा दर एक नसतो आणि नसायलाही पाहिजे. फक्त शुक्र-शनि-रवि कॅफेला देऊन बसू नको, लग्नाची तारीख आली की पंचाईत. "नाव होईल" म्हणणाऱ्याला विचार की बाहेर बोर्डावर नाव लावणार का, व्हिडिओ काढून देणार का. दोन्हीला हो म्हणाला तर महिन्यातून एक दिवस विचार करण्यासारखा.

---

गिरणाकाठची_गिटार (भडगाव)

सगळ्यांचे मनापासून आभार, आबांचं वाचून तर दोनदा थांबलो. दोन खात्यांचं मी कधी असं पाहिलंच नव्हतं, कुरकुरत गाण्याचं तर तंतोतंत माझ्याबद्दल आहे, आत्याच्या दिराकडे मी तसाच गायलो होतो.

अजून एक विचारतो. जळगाव एमआयडीसीतल्या एका कंपनीचा वर्षाचा कार्यक्रम आहे, त्यांनी विचारलंय की बिल द्याल का, आणि गाण्यांच्या लायसन्सचं कोण पाहणार. मी कधी बिल दिलेलं नाही. जीएसटी लागतो का मला? आणि हळदीत जी अहिराणी गाणी यूट्यूबवर गाजून राहिलीत तीच सगळे मागतात, ती म्हटल्यावर कोणी पैसे मागेल का?

---

तबला_आणि_खतावणी (जळगाव)

दिवसा हिशोबाचंच काम करतो म्हणून सांगतो.

जीएसटी: सेवा देणाऱ्याची वर्षाची एकूण उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर साधारणपणे नोंदणी लागत नाही, तू त्याच्या आसपास पण नाहीस. त्याशिवाय लोकसंगीत किंवा शास्त्रीय संगीताचा कार्यक्रम असेल आणि त्या कार्यक्रमाचे दीड लाखापर्यंत घेतले तर कलाकाराच्या त्या सेवेला जीएसटी माफच आहे. सिनेमाची गाणी त्या माफीत बसत नाहीत, पण तुला २० लाखांची मर्यादा पुरे आहे. नोंदणी नसताना बिलावर जीएसटी लावू मात्र नको.

बिल सोपं असतं. कोऱ्या कागदावर पण चालतं, तुझं नाव-पत्ता, पॅन, बिल नंबर, तारीख, कार्यक्रमाची तारीख आणि ठिकाण, रक्कम, बँकेचा तपशील, सही. कंपनीने टीडीएस (पैसे देतानाच कापलेला आयकर) कापला तर घाबरू नको, तो तुझ्या पॅनवर जमा होतो, तुझं उत्पन्न कराच्या खाली असेल तर रिटर्न भरून परत मिळतो. फक्त रिटर्न भरायला लागतं, आळस केला तर ते पैसे गेले. आणि कंपन्या पैसे लगेच देत नाहीत, महिना-दीड महिना धरून चाल, म्हणून त्यांच्याकडून ॲडव्हान्स घेतल्याशिवाय स्वतःच्या खिशातून साउंड बुक करू नको.

लायसन्स: लग्न आणि लग्नाशी जोडलेले समारंभ, वरात वगैरे, यात गाणी म्हटली-वाजवली तर १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्येच सूट आहे. म्हणून हळदीचं टेन्शन घेऊ नको. कंपनीचा कार्यक्रम त्या सुटीत बसत नाही, तिथे परवाना घ्यायला लागतो, आणि तो आयोजकाने घ्यायचा असं तू तुझ्या मेसेजमध्ये सरळ लिहून टाक. तोंडी नको.

---

सुगम_धुळे

दादा, फर्माईशीचं पण एक लिहून ठेवा. नवीन गाणं बसवायला मला ३-४ तास जातात, म्हणून माझ्याकडे ६० गाण्यांची यादी आहे, ती पाठवते, त्याबाहेरची दोन गाणी मोफत आणि पुढे प्रत्येकी ३०० जास्त. आठ दिवस आधी सांगितली तरच. मांडवात ऐनवेळी कोणी चिठ्ठी आणून दिली की मी हसून दोन ओळी म्हणते. लोक खूश होतात तेवढ्यानेही.

---

गिरणाकाठची_गिटार (भडगाव)

मंडळी, बारा दिवसांनी लिहितोय. ताईंच्यासारखा मेसेज तयार केला, आकडे भुसावळच्या दादांच्या हिशोबाचे. पहिला पाठवला एरंडोलला, ९ हजार, तिकडून उत्तरच आलं नाही. दोन दिवस मनाला लागलं, वाटलं साडेतीनवर होतो तेच बरं होतं. दुसरा पाठवला पारोळ्याला, साखरपुडा, त्यांनी ८ म्हटलं, मी म्हटलं साउंड तुमचा असेल तर साडेसात. त्यांचा हॉलमध्येच साउंड आहे. निम्मे पैसे फोन पे ने काल आले. गाण्याआधी पैसे पहिल्यांदाच आलेत, आईला मेसेज दाखवला.

हॉलचा साउंड कसा असेल काही कल्पना नाही, त्याची थोडी भीती आहे. शनिवारी आहे.

---

भुसावळ_कीबोर्ड

हॉलच्या साउंडवर डोळे झाकून विश्वास ठेवू नको. शुक्रवारी फोन करून विचार मिक्सरला गिटारची लाईन जाते का आणि मोबाईलची वेगळी जाते का. स्वतःचा माईक आणि दोन लांब केबल घेऊन जा. माझं एक छोटं मिक्सर घरी पडून आहे, आमचा पोरगा शुक्रवारी रेल्वेने तिकडे येतोय, पाचोऱ्याला उतरून देईल. नंबर मेसेज कर.